खिडक्यांचा कारभारी: कळ दाबली, पण अक्षर गेलं कुणाकडे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो तेवढं गाळलंय, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. नोकरीचं पहिलं वर्ष, पुण्यातलं एक ऑफिस, टेबलावर लिनक्सचं मशीन. मी टर्मिनलमध्ये एक कमांड दिली आणि त्याने पासवर्ड मागितला. ज्यांनी टर्मिनल वापरलंय त्यांना माहीत असेल, तिथे पासवर्ड टाईप करताना काहीच दिसत नाही. अक्षरं नाहीत, टिंबंसुद्धा नाहीत. त्यामुळे मी स्क्रीनकडे न बघता, कीबोर्डकडे बघत, सावकाश टाईप करत होतो. तेवढ्यात कुणीतरी ऑफिसच्या चॅटवर मेसेज टाकला आणि चॅटची खिडकी टुणकन पुढे आली. मला पत्ताच नाही. मी उरलेला पासवर्ड टाईप केला, एंटर मारला आणि मान वर केली. पासवर्डचा बराचसा भाग आमच्या वीस-बावीस जणांच्या ग्रुपमध्ये जाऊन पडला होता.

त्यात आमच्या घरच्या कुत्र्याचं नाव होतं. पुढचे सहा महिने ऑफिसात मला मोत्या म्हणत होते.

माझ्या शेजारी बसणाऱ्या सीनियरने फक्त एवढंच विचारलं, "कुठला विंडो मॅनेजर वापरतोस?" मी म्हटलं, "तो काय असतो?" तो हसला आणि म्हणाला, "मग चूक तुझी नाही, पण आजपासून तुला माहीत हवं." आजचा भाग त्या वाक्यामुळे आहे. कारण शोधायला लागलो तेव्हा कळलं की माझी ही फजिती काही नवी नाही. जगातले लोक गेली चाळीस वर्षं हा एक बग दुरुस्त करतायत. बरं, ते आळशी नाहीत. तरी तो संपत नाही. का, ते बघूया.

आधी थोडं समजून घेऊ. फोनवर बहुतेक वेळा एका वेळी एकच ॲप अख्खी स्क्रीन घेऊन बसतं. कॉम्प्युटरवर दहा खिडक्या उघड्या असतात, पण कीबोर्ड एकच असतो. मग तुम्ही 'अ' दाबलात तर तो कुठल्या खिडकीत जायचा? नवी खिडकी उघडली तर ती कुठे मांडायची, कुणाच्या वर, कुणाच्या खाली? तिला मथळ्याची पट्टी कोण देणार, बंद करायची फुली कोण काढणार? तुम्हाला वाटेल ब्राउझरच्या वरची फुली ब्राउझरची असते. आजकाल पुष्कळदा असते, पण मूळ व्यवस्थेत ती दुसऱ्याच एका प्रोग्रामची होती. त्या प्रोग्रामला म्हणतात विंडो मॅनेजर. मी त्याला खिडक्यांचा कारभारी म्हणतो. गादीवर कुणीही बसलेलं असो, कोण कुठे बसणार आणि कुणाची अर्जी आधी ऐकायची हे कारभारी ठरवतो.

आता चला अमेरिकेत, एमआयटीमध्ये. साल १९८४. तिथे 'प्रोजेक्ट अथीना' नावाचा मोठा उपक्रम सुरू होता. विद्यार्थ्यांसाठी कॅम्पसभर कॉम्प्युटर बसवायचे होते, आणि ते वेगवेगळ्या कंपन्यांचे होते. सगळ्यांवर सारखं चालेल असं चित्र दाखवणारं काहीतरी हवं होतं. त्याच सुमारास एमआयटीतले बॉब शायफ्लर यांनी स्टॅनफर्डकडून आलेली 'डब्ल्यू' नावाची खिडक्यांची प्रणाली घेतली, तिच्यात मोठे बदल केले आणि तिचा वेग वाढवला. डब्ल्यूनंतरचं अक्षर एक्स, म्हणून नाव ठेवलं एक्स. बारशाला याहून कमी मेहनत कुणी घेतली नसेल. अथीनामधले जिम गेटिस त्यांच्या सोबतीला होते. पुढे आवृत्त्या भराभर निघाल्या आणि सप्टेंबर १९८७मध्ये अकरावी आली, एक्स-११. मग मात्र तो आकडा तिथेच थांबला. आजही तो अकराच आहे.

या लोकांनी एक निर्णय घेतला आणि आपल्या आजच्या गोष्टीचं मूळ त्यात आहे. त्यांनी ठरवलं की एक्स फक्त साधनं देईल, धोरण ठरवणार नाही. म्हणजे रेघ काढायची सोय एक्स देईल, खिडकी हलवायची सोय देईल, पण खिडकी कुठे असावी, तिला पट्टी असावी का, माऊस वर नेला की तिने जागं व्हावं की क्लिक केल्यावर, यावर एक्सचं काहीही मत नाही. ते सगळं दुसऱ्या एका प्रोग्रामने बघावं, आणि तो प्रोग्राम ज्याला जसा हवा तसा त्याने लिहावा.

ऐकायला किती छान, नाही? लोकशाहीच. मला मात्र वाटतं की त्यांनी अवघड भाग मोठ्या शिताफीने पुढच्या पिढ्यांवर ढकलला. तुलनेला बघा, १९८५च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टचं विंडोज १.० आलं. त्यात प्रोग्रामच्या खिडक्या एकमेकींवर चढतच नव्हत्या. फरशा बसवाव्यात तशा शेजारी शेजारी बसायच्या. पटो न पटो, पण ते एक धोरण होतं, आणि ते कंपनीने ठरवलं होतं. दोन वर्षांनी विंडोज २.० मध्ये कंपनीनेच ते बदललं. एक्सकडे असं बदलायला काही नव्हतंच.

पोकळी दिसली की कुणीतरी ती भरतोच. एक्सबरोबर तेव्हा 'यूडब्ल्यूएम' नावाचा कारभारी यायचा. त्याच्या खिडक्यांना पट्टीच नव्हती. खिडकी हलवायची तर कीबोर्डची एक कळ धरून माऊस ओढायचा, कुठलं कॉम्बिनेशन ते लक्षात ठेवायचं. १९८७मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या इव्हन्स अँड सदरलंड या ग्राफिक्सच्या कंपनीत टॉम लास्ट्रेंज नावाचा इंजिनियर काम करत होता. तो याला कंटाळला आणि त्याने स्वतःचा कारभारी लिहिला. नाव टीडब्ल्यूएम. टी म्हणजे टॉम. पुढे एक्सच्या मंडळींनी तो आपल्यात घेतला, मग टी म्हणजे टॅब झालं. माणसाचं नाव जाऊन तिथे पट्टीचं नाव आलं.

टीडब्ल्यूएमची एक खोड सांगतो. मी मुद्दाम जुन्या लॅपटॉपवर तो लावून बघितला. नवा प्रोग्राम सुरू केला की खिडकी उघडत नाही. नुसती चौकट येते, माऊसला चिकटलेली. माऊस फिरवा, चौकट फिरते. तुम्ही क्लिक कराल तिथे खिडकी बसते. म्हणजे कारभारी म्हणतो, कुठे बसवू ते तुम्हीच सांगा मालक. पहिल्यांदा मला वाटलं मशीन अडकलंय. दोन मिनिटं तसाच बसून होतो. पण विचार केला तर यात माझा पासवर्ड कधीच चुकीच्या ठिकाणी गेला नसता, कारण मी क्लिक केल्याशिवाय कुठलीही नवी खिडकी पुढे येतच नाही. (आपोआप बसवण्याचं सेटिंग त्यातही आहे, पण ते मुद्दाम चालू करावं लागतं.)

मग लोकांनी हे बदललं कशाला? कारण दिवसाला पन्नास खिडक्या उघडणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी विचारलं तर तो चिडतो. आणि चिडणंही बरोबरच आहे. आपल्या गोष्टीतला तिढा इथूनच सुरू होतो. विचारलं तर त्रास होतो, न विचारता केलं तर कधीतरी घात होतो.

टीडब्ल्यूएमचा कोड खुला होता. १९९३मध्ये रॉबर्ट नेशन नावाच्या माणसाने तो उचलला. तो ध्वनीच्या नमुन्यांचं विश्लेषण करायच्या कामात होता आणि त्याला दिसलं की टीडब्ल्यूएम फार मेमरी खातोय. तेव्हा चार-आठ एमबी रॅमची मशीन सर्रास होती. एमबी म्हणतोय मी, जीबी नाही. तुमच्या फोनमधला एखादा फोटो तेवढा असतो. त्याने कोड छाटून हलका केला, वर व्हर्च्युअल डेस्कटॉपची सोय दिली, म्हणजे एकाच स्क्रीनवर अनेक पडदे. त्याचं नाव एफव्हीडब्ल्यूएम. त्यातला एफ म्हणजे काय, यावर नंतर लोकांनी पुष्कळ विनोद केले. मुळात तो 'फीबल', म्हणजे दुबळा, असा होता.

या दुबळ्याचा वंश बघा. एन्लाइटनमेंट, आफ्टरस्टेप, विंडोज ९५सारखा दिसणारा एफव्हीडब्ल्यूएम-९५, एक्सएफसीईची सुरुवातीची आवृत्ती, या सगळ्यांच्या मुळाशी कुठे ना कुठे हाच कोड आहे. मूळ लेखक लवकरच बाजूला झाला. दुसऱ्याने हाती घेतला, मग तिसऱ्याने, मग चौथ्याने. २०२०मध्ये एफव्हीडब्ल्यूएमची तिसरी पिढी प्रसिद्ध झाली आणि त्याचं काम अजून चालू आहे. तीस वर्षांहून जास्त काळ. यातल्या बहुतेकांना त्याचे पैसे मिळालेले नाहीत. तीस वर्षं असं काय राहिलं असेल दुरुस्त करायचं, असं मलाही वाटायचं.

त्याचं उत्तर असं की कारभाऱ्याने स्वतः काही बिघडवलं नाही तरी आजूबाजूचे बदलत राहतात. नवा ब्राउझर येतो, तो पट्टी स्वतः काढायला लागतो. दुसरा मॉनिटर येतो, लॅपटॉपपासून वायर काढली की त्यावरच्या खिडक्या कुठे जायच्या? जास्त घट्ट पिक्सेलचे पडदे येतात. प्रत्येक वेळी कारभाऱ्याला नवी रीत शिकावी लागते. बरं, कारभारी अनेक आणि प्रोग्राम हजारो, मग त्यांनी एकमेकांशी बोलायचं कसं? त्यासाठी १९८०च्या दशकाच्या शेवटी सन कंपनीतल्या डेव्हिड रोझेनथाल यांनी एक नियमपुस्तक लिहिलं. आयसीसीसीएम. ते इतकं किचकट की त्याला नावं ठेवणं हा एका पिढीचा विरंगुळा होता. मी वाचायचा प्रयत्न केलाय. सोसायटीचे उपविधी वाचल्यासारखं वाटतं. सगळं महत्त्वाचं, आणि भांडण झाल्याशिवाय कुणी उघडत नाही.

नियम असूनही काय होतं याचा माझा सगळ्यात आवडता नमुना जावाचा. हे जरा तपशिलात सांगतो, कारण या बगवर माझेही दोन तास गेलेत, सबमिशनच्या आदल्या रात्री.

बहुतेक कारभारी काय करतात, तर तुमच्या प्रोग्रामची खिडकी उचलून स्वतःच्या एका चौकटीत बसवतात. फोटो फ्रेममध्ये घालावा तसं. पट्टी, फुली, कडा हे सगळं त्या फ्रेमवर असतं. पण २००६मध्ये अन्सेल्म गार्बे यांनी 'डीडब्ल्यूएम' काढला. त्याचा नियम म्हणजे अख्खा प्रोग्राम २००० ओळींच्या वर जाऊ द्यायचा नाही. तो खिडक्या फरशांसारख्या मांडतो, फ्रेम वगैरे भानगड नाही. (विंडोज १.० ला लोक जे हसले, तेच वीस वर्षांनी हौशी लोक प्रेमाने वापरायला लागले. मीसुद्धा त्यातलाच.)

आता जावाच्या आत एक यादी होती. जगात कोणकोणते कारभारी आहेत आणि कुणाशी कसं वागायचं, याची. यादीत नाव नसलेला कारभारी दिसला की जावा गृहीत धरायचं की हाही फ्रेम घालेल. मग ते फ्रेमची वाट बघत बसायचं. डीडब्ल्यूएम फ्रेम घालायचाच नाही. परिणाम काय, जावाचा प्रोग्राम उघडला की समोर नुसता करड्या रंगाचा कोरा पडदा. माझं त्या रात्री हेच झालं. प्रोग्राम तीनदा टाकला, काढला, परत टाकला.

उपाय काय निघाला माहितीये? सन कंपनीचा 'लुकिंग ग्लास' नावाचा त्रिमिती डेस्कटॉपचा एक प्रयोग होता, जो पुढे बारगळला. जावा सनचंच, त्यामुळे त्याच्या यादीत लुकिंग ग्लासचं नाव होतं, आणि तो फ्रेम घालत नाही हेही लिहिलेलं होतं. तर डीडब्ल्यूएमच्या मंडळींनी एक चिमुकला प्रोग्राम काढला. तो काय करतो, तर कारभाऱ्याचं नाव बदलून 'एलजी३डी' करतो. झालं, जावाला वाटतं समोर लुकिंग ग्लास आहे, आणि चित्र दिसायला लागतं! म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावावर रेशन उचलण्यातला प्रकार. पुढे जावामध्ये यासाठी वेगळं सेटिंग आलं, पण हा जुगाड वर्षानुवर्षं चालला.

यात दोष कुणाचा सांगा. जावावाल्यांनी तेव्हाच्या कारभाऱ्यांची यादी केली, तर त्यांच्या दृष्टीने तो व्यवहारी शहाणपणा होता. डीडब्ल्यूएमने कुठलाही नियम मोडला नव्हता. बग दोघांच्या मधल्या जागेत होता, आणि मधली जागा कुणाच्याच सातबाऱ्यावर नसते.

आता परत माझ्या पासवर्डकडे.

खिडकीने न विचारता पुढे येऊन कीबोर्ड पळवणं, याला म्हणतात फोकस चोरणं. विंडोजवाल्यांनाही हे भोगावं लागलंय. विंडोज ९८ आणि २०००पासून मायक्रोसॉफ्टने नियम केला की मागे बसलेल्या प्रोग्रामने उगाच पुढे उडी मारायची नाही. त्याने फार फार तर खालच्या पट्टीवरचं आपलं बटण लुकलुकवावं. ते नारिंगी लुकलुकणारं बटण तुम्ही बघितलं असेल. ते म्हणजे अडवलेला चोर समजा.

लिनक्सकडे २००३ ते २००५च्या दरम्यान यावर खरं काम झालं. केडीईच्या बाजूने ल्युबोश लुन्याक आणि ग्नोमच्या बाजूने एलायजा न्यूरन. (हेच न्यूरन पुढे गिटमध्ये गेले. गिटमध्ये दोन शाखा एकत्र करायची आजची पद्धत त्यांनी लिहिलेली आहे. तंटे सोडवायचा छंदच दिसतोय.) त्यांच्यासमोरचा प्रश्न साधा दिसतो. कुठली खिडकी मी बोलावली आणि कुठली आगंतुक, हे मशीनला कसं कळणार?

त्यावरची युक्ती मला फार आवडते. तुम्ही कळ दाबली किंवा क्लिक केलं की एक्स त्या घटनेवर वेळेचा शिक्का मारतो, मिलिसेकंदापर्यंत. समजा तुम्ही ब्राउझरच्या आयकॉनवर क्लिक केलं. त्या क्लिकचा शिक्का ब्राउझरला दिला जातो. ब्राउझर उघडायला दहा सेकंद लागले. तोवर तुम्ही टर्मिनलमध्ये टाईप करायला लागलात, म्हणजे टर्मिनलकडे तुमचा आणखी ताजा शिक्का आहे. आता ब्राउझरची खिडकी आली की कारभारी दोन्ही शिक्के ताडून बघतो. ब्राउझरचा शिक्का जुना, म्हणजे माणूस मधल्या काळात दुसऱ्या कामाला लागलाय, याला मागे बसवा. तुम्ही काहीच केलं नसेल, नुसती वाट बघत असाल, तर ब्राउझर पुढे येतो. दवाखान्यातल्या टोकनसारखंच. नंबर लावून चहाला गेलात, तर परत आल्यावर थेट आत घुसायचं नाही.

यातही एक गंमत आहे. तो शिक्का बत्तीस बिटांचा आकडा आहे. मिलिसेकंदात मोजलं तर तो साधारण ४९.७ दिवसांनी भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. जुन्या गाड्यांचं मीटर ९९९९९ नंतर शून्य व्हायचं ना, तसं. मग पन्नासाव्या दिवशी जुनं कुठलं आणि नवं कुठलं? सरळ तुलना केली तर कालचा शिक्का आजच्यापेक्षा मोठा दिसेल. म्हणून ग्नोमच्या कारभाऱ्यात वेळेची तुलना करायची ओळच अशी लिहिलीये की ती हा फेरा लक्षात घेते. सात आठवडे मशीन बंद न करणाऱ्या माणसासाठी केलेली तजवीज. ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या अनोळखी माणसाबद्दल मला आदर वाटला. विंडोज ९५लाही नेमक्या याच ४९.७ दिवसांनी लटकायचा बग होता. पण विंडोज ९५ सलग ४९ दिवस चालवलेला माणूस भेटणं कठीण, म्हणून तो बरीच वर्षं कुणाच्या लक्षात आला नाही.

मग माझा पासवर्ड का गेला? २००५मध्ये सुटलेला प्रश्न मला कसा नडला? सीनियरबरोबर बसून बघितलं तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक, त्या चॅट प्रोग्रामला शिक्के वगैरे काही माहीत नव्हतं. शिक्का नसलेली खिडकी आली की कारभाऱ्याने काय करायचं? कडक राहिला तर शेकडो जुने प्रोग्राम, ज्यांनी नियम वाचलेलेच नाहीत, ते उघडल्यावर मागेच राहतील आणि लोक ओरडतील की क्लिक केलं, काहीच झालं नाही. सैल राहिला तर माझ्यासारख्याचा मोत्या होईल. आणि दुसरी गोष्ट, यासाठी सेटिंग होतं. केडीईमध्ये आजही आहे, त्याला पाच पायऱ्या आहेत, अजिबात नाही पासून ते टोकापर्यंत. मूळची पायरी कमीवर असते. म्हणजे त्या लोकांनी विचार करूनच सैल बाजू निवडली होती.

हे कळल्यावर मला खरं तर राग आला. पाच पायऱ्या देताय, मग नीट असलेली एकच का नाही देत? नंतर कळलं की हा वाद आधीच होऊन गेलाय. ग्नोमचा 'मेटासिटी' हा कारभारी लिहिणारे हॅवक पेनिंग्टन २००२च्या सुमारास नेमकं हेच म्हणत होते. प्रत्येक सेटिंगची किंमत असते. ते कुणीतरी तपासायला लागतं, दुसऱ्या सेटिंगबरोबर ते कसं वागतं ते बघायला लागतं, आणि बरेचदा सेटिंग म्हणजे न सोडवलेला बग वापरणाऱ्याच्या गळ्यात मारणं असतं. मेटासिटीची ओळख करून देताना त्यांनी अभिमानाने लिहिलं होतं की हा कंटाळवाणा कारभारी आहे, मोठ्या माणसांसाठी. लोकांनी शिव्या घातल्या. आमची बटणं काढून घेतली म्हणाले. मी बरीच वर्षं बटणवाल्यांच्या बाजूने होतो. आता पेनिंग्टन यांचं म्हणणं बऱ्यापैकी पटतं, पण पूर्ण नाही. कारण सेटिंग नसतं तर माझ्या सीनियरने त्या दिवशी काय बदललं असतं?

मेटासिटीचं पुढे 'क्लटर' नावाच्या कोडशी लग्न झालं आणि २०११मध्ये ग्नोम ३ बरोबर 'मटर' आला. आपला भाजीचा मटार नव्हे, दोन्ही नावांची जोडाक्षरं. मटरच्या कोडमध्ये फोकस कसा नीट मिळवावा यावरची न्यूरन यांची ती जुनी टिपणी कोडबरोबरच पुढे चालत आली. माऊसमागे फोकस जाणारे लोक, क्लिकने जाणारे लोक, आणि मधले, म्हणजे माऊस रिकाम्या जागेवर गेला तरी फोकस आधीच्याच खिडकीकडे ठेवणारे, अशा तिन्ही जातींना काय अपेक्षित असतं याचा त्यात ऊहापोह आहे. कोडपेक्षा ती मला जास्त वाचनीय वाटली. मटरने अडवलेल्या खिडकीसाठी ग्नोममध्ये एक सूचना यायची, अमुक तयार आहे. त्यावरही लोक चिडले. तयार आहे तर दाखव ना, सांगतोस काय! आणि ती सूचना बंद करणारी एक्स्टेन्शन्स लोकप्रिय झाली. ज्यांनी ती बसवली त्यांनी न्यूरन यांचं काम आपल्या हातांनी परत उघडं केलं.

इथे एक गंभीर गोष्ट सांगायलाच हवी. एक्समध्ये फोकस कुणाकडेही असो, दुसरा कुठलाही प्रोग्राम तुमच्या सगळ्या कळा गुपचूप ऐकू शकतो. १९८४ला ते चालून गेलं, कारण नेटवर्कवरचे सगळे ओळखीचे होते. कारभारी कितीही शहाणा असला तरी भिंतच नसेल तर दाराशी बसून तो काय करणार? म्हणून २००८मध्ये क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी वेलँड सुरू केलं. त्यात चित्र दाखवणारा आणि कारभारी एकच. साधन एकाकडे, धोरण दुसऱ्याकडे ही वाटणीच गेली. प्रोग्रामला आपल्या खिडकीच्या बाहेरचं दिसत नाही, दुसऱ्याच्या कळा ऐकू येत नाहीत, आणि मला पुढे आण असा हुकूमही सोडता येत नाही. पुढे यायचं असेल तर ज्याच्याकडे आत्ता फोकस आहे त्याच्या मार्फत टोकन मागायचं. ही टोकनाची रीत २०२१च्या सुमारास ठरली. वेळेच्या शिक्क्याचाच पुढचा अवतार.

आणि मग परत तेच सुरू झालं. ज्या प्रोग्रामांनी टोकन शिकलं नव्हतं त्यांच्या खिडक्या मागे राहायला लागल्या. मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं, ब्राउझरमध्ये पान उघडलं, पण ब्राउझर पुढेच आला नाही. एका प्रोग्राममध्ये दुरुस्ती, मग दुसऱ्यात, मग कारभाऱ्यात. २०२५च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या ग्नोम ४९ मध्ये एक्सवरचं सत्र मूळ सेटिंगमध्ये बंदच ठेवलं. टीडब्ल्यूएम, एफव्हीडब्ल्यूएम, डीडब्ल्यूएम हे सगळे एक्सचे कारभारी. वेलँडवर ते जसेच्या तसे चालत नाहीत, पुन्हा लिहायला लागतात. डीडब्ल्यूएमचं एक वेळ ठीक आहे, २००० ओळी. तीस वर्षांचा एफव्हीडब्ल्यूएम कोण लिहिणार?

तुमच्यातले अर्धे आत्ता म्हणत असतील, आम्ही तर फोनवर ऐकतोय, आमचा काय संबंध? अँड्रॉइडमध्येही कारभारी आहे. आणि २०१९पर्यंत मागे पडलेलं एखादं ॲप वाटेल तेव्हा तुमच्यासमोर आपला पडदा उघडू शकायचं. व्हिडिओ बघताना मध्येच जाहिरात अख्खी स्क्रीन व्यापायची, आठवतं? अँड्रॉइड १० मध्ये गूगलने त्याला लगाम घातला. मागच्या ॲपने नोटिफिकेशन द्यावं, तुम्ही बोट लावलंत तरच पुढे यावं. अख्खी स्क्रीन घेणारं नोटिफिकेशनसुद्धा अँड्रॉइड १४ पासून मुख्यतः कॉल आणि अलार्मच्या ॲपसाठी राखलंय. म्हणजे विंडोजचं लुकलुकणारं बटण, ग्नोमचं 'तयार आहे' आणि तुमच्या फोनचं नोटिफिकेशन ही एकाच घरातली भावंडं. त्यामुळे पुढच्या वेळी बँकेच्या ॲपमध्ये पिन टाकताना दुसरं ॲप मध्ये घुसलं नाही, तर ल्युबोश आणि एलायजा यांची आठवण काढा.

माझा तो सीनियर आता दुसरीकडे असतो. मागच्या आठवड्यात या भागासाठी त्याला फोन केला आणि विचारलं, हल्ली कुठला विंडो मॅनेजर? म्हणाला, "ऑफिसच्या मशीनवर जे येतं तेच. घरी अजून एफव्हीडब्ल्यूएम. १९९९ची कॉन्फिग फाईल आहे, तिला हात लावायला भीती वाटते." मग थोडं थांबून म्हणाला, "मोत्या कसा आहे?"

तुमचाही पासवर्ड, ओटीपी किंवा त्याहून भयंकर काही चुकीच्या खिडकीत गेलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. नाव गुप्त ठेवू. निदान कुत्र्याचं तरी.